पिकअपला दुसरा डिझेल फिल्टर : बेळगावच्या उद्यमबागेतल्या नोंदी

१७ मे २०२५, शनिवार

तक्रारी दोन. सकाळी सेल्फ लांबतो (चावी मारून बराच वेळ इंजिन लागत नाही), आणि गोव्याहून रिकामी परत येताना चोर्ल्याच्या चढाला गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके देते. गाडी मेहुण्याची, केए-२२ पासिंगची पिकअप, बीएस-४ (२०२० आधीच्या धूर-नियमांची), कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी). बेळगावच्या बाजारात कोबी-फ्लॉवर भरायचा, जांबोटी-कणकुंबीवरून घाट उतरायचा, साखळी-म्हापशाला माल टाकून उलट फिरायचं. वर्षभर हाच रस्ता.

"भावजी, पंप-नोझल गेलं काय की बघा जरा. गाडी उभी करायला जमूलालं नाही मला, लोक भाजीसाठी फोनवर फोन करूलाल्यात."

पंप-नोझलला (डिझेलला दाब देणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारे नोझल) हात लावण्याआधी कंपनीच्या फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू ढिला केला, पाण्याची रिकामी बाटली निम्मी भरून घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. चहा होईस्तोवर बाटलीत तीन थर दिसायला लागले. वर पिवळसर स्वच्छ डिझेल. खाली बोटभर गढूळ पाणी. आणि दोघांच्या मधे तपकिरी, शेवाळासारखी पातळ साय. डिझेलची घनता ०.८२ ते ०.८४५ च्या आसपास, त्यामुळे पाणी बुडाशी बसणारच. ती मधली साय म्हणजे जंतू. डिझेल आणि पाणी जिथं टेकतात तिथंच ते वाढतात, पाणी काढलं की त्यांचं घर जातं.

कॉमन रेलला पाणी का चालत नाही, हे मेहुण्याला बाटली दाखवूनच सांगितलं. ह्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. आतले भाग एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीत सरकतात, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात असतो. दाब हजार बारच्या वर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या हजार पटीच्या वर. तिथं पाण्याचा थेंब आला की वंगणाचा पापुद्रा तुटतो, धातूवर धातू घासतो, गाडी दोन दिवस उभी राहिली तर गंजही धरतो. पंप आणि चारही नोझल करायचे म्हणजे त्याचा एक सीझन गेला असं समजायचं.

पाणी आणि जाड घाण आधीच अडवणारा दुसरा फिल्टर बसवायचं ठरलं. गाडीची वॉरंटी केव्हाच संपली आहे, म्हणून हो म्हटलं. वॉरंटीतली गाडी असती तर हातच लावला नसता.

१९ मे, सोमवार

दुसरा फिल्टर बसवायचा कुठं, कंपनीच्या फिल्टरच्या आधी की नंतर? ह्यावर पंप-नोझलवाल्या मामांशी बराच वेळ वाद झाला. त्यांचं म्हणणं, नंतर लाव, म्हणजे कंपनीच्या फिल्टरमधून सुटलेलं बारीक तेही धरेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण मी वीस-बावीस वर्षं हायड्रॉलिकचे पाईप आणि सिलिंडर करतो. आमच्या धंद्यात घाण तेलातून जेवढी येते त्याहून जास्त जोड उघडताना येते. नव्या पाईपच्या पोटातली रबराची भुकटी, निपलच्या आट्यांतली चूर, हाताचं फडकं. कंपनीच्या फिल्टरनंतर काहीही उघडलं तर ती भुकटी सरळ पंपात जाणार, मधे अडवायला कुणी नाही. आधी उघडलं तर माझ्या कामात शिरलेली घाण कंपनीचा फिल्टर पोटात घेईल. शिवाय पाणी पहिल्याच फिल्टरला अडलं तर पुढच्याचं आयुष्य वाढतं.

मामा म्हणाले, "बरं, आधी लाव. पण सक्शनला आहेस हे विसरू नको. इंजिनाला दोन फिल्टर चालतात, हवा चालत नाही."

ते मात्र शंभर टक्के खरं. ह्या गाडीच्या टाकीत विजेचा पंप नाही. इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, म्हणून टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या सगळ्या पाईपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा ओढीच्या, म्हणजे सक्शनच्या, लाईनला बारीक फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, आणि माणूस नोझल बदलत बसतो. वाढवलेला प्रत्येक जोड ही हवेला दिलेली एक जागा. म्हणून जोड शक्य तितके कमी, आणि कंपनीचा पाईप कापायचा नाही.

आखणी अशी : टाकीकडून येणारा पाईप, मग हाताने दाबायचा रबरी प्रायमर, मग कंपनीचा डबा-फिल्टर. प्रायमरकडून येणारा पाईप डब्याच्या इनलेटवरून सोडवायचा आणि नव्या फिल्टरच्या इनलेटला खोचायचा. नव्याच्या आउटलेटवरून एक होज काढून, टोकाला तसाच क्विक कनेक्टर (दोन कान दाबून सुटणारा जोड) लावून, डब्याच्या इनलेटला द्यायचा. कंपनीचा एकच जोड सुटतो. उद्या गाडी विकायची झाली तर दोन टक्-टक् करून सगळं होतं तसं.

इनलेट कुठला आणि रिटर्न कुठला हे आधी नक्की केलं. डब्यावर बाण आहे, पण त्यावर विसंबून न राहता इंजिन गरम झाल्यावर पाईप हातात धरून पाहिले. पंपावरून परत येणारं डिझेल गरम असतं.

२१ मे, बुधवार

सामान. इथं वेळ गेला तो क्विक कनेक्टरला. डब्याची इनलेट नळी व्हर्नियरला ७.८९ मि.मी. भरली. हा ठरलेला मापच आहे, ह्याच्या पुढचा ९.४९. डोळ्यांनी "आठ एमएम" म्हणून आणलं तर बसल्यासारखं वाटतं आणि आतली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, नीट धरत नाही. बेळगावात हवा तसा मिळाला नाही, कोल्हापूरच्या ओळखीच्या दुकानदाराने एसटी पार्सलने पाठवला. फेब्रुवारीत भाषेच्या भांडणातून दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या, तेव्हा मागवलं असतं तर डबी सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडेच अडकली असती.

नवा फिल्टर ३० मायक्रॉनचा घेतला, खाली पारदर्शक कप, कपाला ड्रेन आणि पाण्याच्या सेन्सरची जागा. दुकानदार १० मायक्रॉनचा घ्या म्हणत होता. पण पुढं कंपनीचा बारीक फिल्टर आहेच, आणि सक्शनला पहिल्याच फिल्टरला बारीक जाळी दिली तर पंपाला ओढ लागते. हायड्रॉलिकच्या टाकीत सक्शन स्ट्रेनर जाड असतो आणि बारीक फिल्टर प्रेशर किंवा रिटर्नला असतो, त्याचं कारण हेच. फ्लो मात्र भरपूर घ्यायचा. गाडी ताशी चार-पाच लिटर जाळत असली तरी कॉमन रेलचा पंप त्याच्या कितीतरी पट ओढतो, उरलेलं रिटर्नने टाकीत सोडतो. जळणाऱ्या डिझेलचा हिशोब धरून फिल्टर घेतला तर घाटात उपाशी मरायची पाळी.

होज डिझेलला चालणारा, आतून नायट्राइल (तेलाला टिकणारं रबर), भिंत जाड. शेडमध्ये हायड्रॉलिकचे होज ढिगाने पडलेत, त्यांचं आतलं रबरही डिझेलला चालतं, पण तारेच्या विणीमुळे ते ताठ. बॉनेटमध्ये लहान वळणाला ते वळत नाहीत, आणि इंजिनाची थरथर सरळ निपलवर आणतात. उलट बाजारात पातळ पेट्रोल पाईप मीटरवर मिळतो, तो सक्शनला वळणावर चपटा होतो. दोन्ही नको.

फिल्टरच्या डोक्याचे आटे एम१४ × १.५ (१४ मि.मी. व्यास, आट्यांतलं अंतर १.५ मि.मी.), समांतर. समांतर आट्यांना सील खालच्या वायसरवर होतं, आट्यांवर नाही. म्हणून डाउटी वायसर (धातूची कडी, आतून रबर) घेतले. टेफलॉन टेप ह्या कामात शेडमध्येच आणायचा नाही असं कामावरच्या पोराला सांगून ठेवलं. टेपचा एक धागा सुटला तर तो नोझलपर्यंतचा रस्ता शोधतो. क्लिप गोल आवळणाऱ्या, कडा वळलेल्या घेतल्या. खाच पडलेल्या पट्टीची जुबली क्लिप लहान होजला एका बाजूनेच ओढते आणि रबर कापते.

२३ मे, शुक्रवार

ब्रॅकेट. ३ मि.मी. पत्रा, बॅटरी ट्रेच्या शेजारच्या दोन मूळच्या बोल्टवर बसतो, नवं भोक पाडलं नाही. फिल्टर बॉडीवर आहे, इंजिनावर नाही. टर्बोपासून लांब, कारण कप प्लास्टिकचा. ड्रेनखाली हात आणि वाटी जाईल एवढी जागा ठेवली. इंजिन सेल्फच्या वेळी हलतं, त्याला पुरेल एवढा होजला झोळ. रंग लावून वाळत टाकला.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा फारच आधी. काल केरळात पोचला, नेहमीची तारीख १ जून. इथं तर वळवापासून उसंतच नाही. शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज की बोलणं ओरडून. शनिवारी रात्री गाडी मोकळी असते म्हणून आजचाच दिवस.

सकाळी आधी व्हॅक्यूम गेज लावून कंपनीच्या इनलेटशी किती ओढ आहे ते पाहिलं. रेस दिल्यावर पाऱ्याचे साधारण दोन इंच. हे वहीत लिहून ठेवणं गरजेचं होतं, नंतर तुलना कशाशी करणार? मग इंजिन दुपारपर्यंत थंड होऊ दिलं.

दुपारी काम. वेल्डिंग आणि ग्राइंडर बंद, शेजारच्या शेडलाही सांगून आलो. डिझेल पेट्रोलसारखं लगेच पेटत नाही, पण आपल्याकडच्या मानकात त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) किमान ३५ अंश एवढाच आहे, आणि तापल्या बॉनेटखाली ३५ म्हणजे काहीच नाही. बॅटरीची मायनस काढली. टाकीचं झाकण उघडून ठेवलं, म्हणजे टाकीत कोंडलेला दाब जोड सुटताच डिझेल उडवणार नाही. खाली ट्रे. अल्टरनेटरवर प्लास्टिक.

खरं काम म्हणजे जोडाची धुलाई, आणि निम्मा वेळ तिलाच दिला. जांबोटीची लाल माती कनेक्टरच्या दोन्ही कानांत शिरून विटेसारखी भाजली गेली होती. ती तशीच असताना कान दाबले तर कान आत जात नाहीत, जोर लावला तर कान तुटतो, आणि सुटलंच तर सगळी माती नळीच्या तोंडाशी. आधी दातांच्या ब्रशने कोरडी माती झाडली. मग त्याच ब्रशला डिझेल लावून खरवडलं. मग हवा मारली, पण नेम जोडावरून बाहेरच्या दिशेने, फटीत नाही. मग परत डिझेल, परत हवा. फडक्यावर लाल डाग उमटायचा थांबेपर्यंत. कॉटन वेस्ट वापरलं नाही, त्याचे तंतू सुटतात.

आता सोडवणं. बहुतेक जण कान दाबतात आणि ओढायला लागतात. तिथंच गाडं अडतं. आतल्या लॉकचे पाय नळीच्या कॉलरमागे अडकलेले असतात, ओढलं की ते आणखी घट्ट चावतात. म्हणून आधी कनेक्टर नळीवर आत ढकलायचा, अगदी मिलिमीटरभर, म्हणजे पायांवरचा ताण जातो. तो तसाच आत धरून दोन्ही कान एकदम दाबायचे. मग थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, ओ-रिंग नळीला चिकटलेली असते ती सुटते. फिरला की मगच, सरळ रेषेत, बाहेर.

हा पहिल्यांदा फिरलाच नाही. पाईप नायलॉनचा, वर्षानुवर्षं बॉनेटच्या उष्णतेत राहून कडक झालेला. पोरगा पक्कड घेऊन तयार होता, त्याला थांबवलं. पक्कड नायलॉनला लागली की बारीक चीर जाते, ती आज दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर लॉक जातं, आणि हा कनेक्टर पाईपवर कारखान्यातच दाबून बसवलेला असतो, म्हणजे तुटला तर पूर्ण पाईप बदला. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं कनेक्टरला गुंडाळून थोडा वेळ ठेवलं. हीट गन नाही, दिवा तर मुळीच नाही. फडकं काढलं, आत ढकलला, कान दाबले, आणि बोटांना कळला तो फिरताना. मग अलगद निघाला. ट्रेमध्ये अर्धी वाटी डिझेल.

निघाल्याबरोबर दोन्ही तोंडं बंद. हायड्रॉलिकची प्लास्टिकची बुचं आमच्याकडे असतातच, सकाळी डिझेलमध्ये धुऊन ठेवली होती. टॉर्च मारून कनेक्टरच्या आत पाहिलं. ओ-रिंग जागेवर, पण तिच्या बाहेरच्या बाजूला वाळूचे दोन-तीन दाणे. ते सुईने नाही, डिझेल भरलेल्या सिरिंजने धुऊन काढले.

पुढचं सोपं. होज ब्लेडने कापला (हॅक्सॉने रबराची भुकटी पडते), आतून स्वच्छ डिझेलने खंगाळला, निपलवर चढवला, क्लिपा आवळल्या. नव्या फिल्टरच्या आउटलेटनंतर होजचा वीतभर तुकडा पारदर्शक ठेवला आहे, तात्पुरता, बुडबुडे बघायला. क्विक कनेक्टर बसवताना नळीला डिझेलचं बोट लावायचं, टक् आवाज येईपर्यंत सरळ ढकलायचा, आणि मग मागं ओढून बघायचं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, ओढूनच बघायचं.

फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतलं नाही. प्रायमर दाबत राहिलो, कप हळूहळू भरला, मग डबा भरला, प्रायमर कडक झाला. बॅटरी जोडून सेल्फ. थोडी अडखळली, मग लागली. पारदर्शक तुकड्यात सुरुवातीला बुडबुड्यांची माळ, मग तुरळक, मग काही नाही.

कंपनीचा डबा आज मुद्दामच बदलला नाही. आजच्या कामातलं जे काही शिरलं असेल ते जुन्या डब्यात जाऊ दे, चार दिवसांनी नवा.

२६ मे, सोमवार

सकाळी सेल्फ पुन्हा लांबला. मेहुण्याचा चेहरा उतरला. मला मात्र कोडं आवडलं. पारदर्शक तुकड्यात चालू इंजिनाला एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासून नव्या फिल्टरच्या आउटलेटपर्यंत सगळं घट्ट. हवा येतेय ती त्याच्या पुढून, आणि पुढं तर मी एकच कनेक्टर बसवलाय, तोही कोरा.

सक्शनची गळती बाहेर दाखवायची तर लाईनला उलटा दाब द्यायचा. प्रायमर आपल्या दोन्ही फिल्टरच्या आधी आहे, हे इथं कामाला आलं. इंजिन बंद ठेवून प्रायमर कडक होईस्तोवर दाबला आणि दाबून धरला. पोरगा टॉर्च घेऊन एकेका जोडाला कोरडा कागद लावत गेला. डब्याच्या इनलेटशी थांबला. "सर, इल्लि हसी आगैति नोड्री." इथं ओलं झालंय बघा, म्हणाला. कागदावर राईएवढा ओला ठिपका.

कनेक्टर काढला. ओ-रिंग उत्तम. पण डब्याच्या नळीवर, लांबीच्या दिशेने, एक बारीक ओरखडा. नखाला लागतो. मातीसकट कनेक्टर ओढला-खोचला की वाळूचा दाणा हेच करतो, आणि आधी कुठंतरी फिल्टर बदलताना तेच झालं असणार. आडवा ओरखडा असता तर ओ-रिंगने झाकला असता, उभा ओरखडा म्हणजे ओ-रिंगच्या खालून जाणारा बोगदा. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातून हवा शिरायची, डिझेल टाकीकडे उतरायचं, आणि सकाळी सेल्फ लांबायचा. म्हणजे मेहुण्याच्या दोन तक्रारींचा रोग एक नव्हताच. घाटातलं मिसिंग पाण्याचं, सकाळचा सेल्फ हवेचा. नुसता दुसरा फिल्टर लावून सोडून दिलं असतं तर निम्मं दुखणं तसंच राहिलं असतं.

नळी डब्याचाच भाग आहे, डबा बदलला की नळी नवी. चार दिवस थांबायचा बेत सोडला. इंजिन अर्धा तास चालवून कालची घाण जुन्या डब्यात जाऊ दिली, मग तो काढला. ह्या वेळी आउटलेटचा, म्हणजे साफ बाजूचा जोडही उघडावा लागला. तिथं धुलाई कालच्यापेक्षा जास्त कडक केली, आणि बुच लावण्यापलीकडे त्या पाईपाच्या तोंडाशी काहीही नेलं नाही. नव्या डब्याची बुचं पाईप हातात आल्यावरच काढली.

२७ मे, मंगळवार

गाडी गोव्याहून पहाटे आली, थंड होऊ दिली, अकरा वाजता चावी मारली. पहिल्या सेल्फला. पारदर्शक तुकडा काढून होज अखंड केला, प्लास्टिकचा पाईप उन्हाने आणि डिझेलने वर्षभरात कडक होतो, तो कायमचा ठेवायचा नसतो.

२९ मे, गुरुवार

पाणी येतं कुठून हा प्रश्न राहिलाच होता. मेहुण्याचा संशय पेट्रोल पंपावर, सगळ्यांचा असतो. पंपावर मागितलं तर घनता तपासून दाखवतात, टाकीत पाणी शोधायची पेस्ट लावलेली डिप टाकून बघता येते. तो बघून आला, तिथं पेस्टचा रंग बदलला नाही.

मग सहज विचारलं, गाडीत डिझेल दुसरीकडून कधी भरतोस का? शेतात बॅरल आहे म्हणाला, जांबोटीच्या अलीकडे. पॉवर टिलर आणि इंजिनासाठी दोनशे लिटर आणून ठेवतात, घाईच्या दिवशी पिकअपलाही त्यातलंच. संध्याकाळी जाऊन पाहिलं. बॅरल उघड्यावर, उभं. वरच्या झाकणाला जो उंच काठ असतो त्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि दोन्ही बुचं त्या पाण्याखाली. बुच घट्ट आहे हो, म्हणाला. घट्ट असूनही फरक पडत नाही. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा फुगून आट्यांतून बाहेर पडते. रात्री किंवा सर येऊन गेली की गार होतं, आत ओढ लागते, आणि आता आट्यांवर हवा नसते, पाणी असतं. रोज थोडं थोडं पितं ते. काठीला पेस्ट लावून बुडापर्यंत घातली, चार बोटं रंग बदलला.

बॅरल आता गोठ्याच्या पडवीत आडवं आहे, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नवाच्या जागी, म्हणजे डिझेलच्या पातळीखाली, हवेला आणि पाण्याला वाटच नाही. बुडातलं सगळं गढूळ काढून टाकलं. ते ओढ्यात ओतूया म्हणणाऱ्या गड्याला मेहुण्याच्या आईने जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही. जुन्या ऑइलच्या डब्यात भरून शेडला आणलंय, ऑइल गोळा करणाऱ्याला देईन.

८ जून, रविवार

मृग लागला. कपात पोहे खायच्या चमच्याएवढं पाणी, ते ड्रेन केलं. कंपनीच्या डब्याचा ड्रेन उघडून पाहिला, स्वच्छ डिझेल. घाटात मिसिंग नाही. कपाच्या बुडाला ती तपकिरी साय मात्र अजून येते आहे, म्हणजे गाडीच्या टाकीत वस्ती शिल्लक आहे. टाकी उतरवून धुवायला हवी. गणपतीत गोव्याचा माल दुप्पट होतो, त्याच्या आधीच करायचं.

टाकी रात्री निम्मी रिकामी ठेवायची नाही, हे मेहुण्याने मनावर घेतलंय. पावसाळ्यात रिकाम्या जागेत दमट हवा असते, पहाटे गार पत्र्यावर दव धरतं.

१५ जून, रविवार

गेज परत लावलं. नव्या फिल्टरनंतर ओढ पाऱ्याच्या अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे अर्धा इंच वाढली. चालेल. हा आकडा चढून दुप्पट व्हायला लागला की एलिमेंट (फिल्टरचा आतला गाळणारा भाग) बदलायचा असं ठरवून वहीत लाल शाईने लिहिलंय. सगळ्या क्लिपा पाहिल्या, एक पाव आटा आवळून घेतली. नवं रबर दबतं, पहिल्या काही दिवसांत एकदा हात फिरवावाच लागतो.

पाण्याच्या सेन्सरची वायर अजून कॅबिनमध्ये ओढलेली नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात बसवायचा रबरी ग्रोमेट मिळाला की करू, पत्र्याच्या उघड्या कडेवरून वायर नेणार नाही. तोवर मेहुणा दर रविवारी कप बघतो.

दुपारी शिनोळीचा एक जण एमएच-०९ ची पिकअप घेऊन आला. टाकी भरायला त्या बाजूच्या गाड्या इकडे येतातच, त्याने मेहुण्याच्या बॉनेटमधला फिल्टर पाहिला होता. "मला पण असलाच बसवून द्या की, अण्णा." त्याची गाडी २०२० नंतरची, बीएस-६, टाकीत विजेचा पंप, लाईनला कायम दाब. तिथं माझी क्लिप, माझा होज, माझा हिशोब काहीच लागू नाही, इथं हवा आत जाते तिथं डिझेल बाहेर उडेल, आणि वॉरंटी चालू. नको म्हटलं.

बॅरल आहे का विचारलं. आहे म्हणाला. उभं. पेस्टची उरलेली ट्यूब त्याला दिली.